बदली खेळाडूची बदली

मराठी भाषेने बँकेतल्या माणसावर जे काही अन्याय केले आहेत, त्यांत ‘बदली’ या शब्दाचा नंबर बराच वरचा लागेल. एखाद्याच्या जागी तात्पुरता दुसरा बसला की तो ‘बदली’, आणि त्या दुसऱ्याला उचलून साठ किलोमीटरवरच्या शाखेत नेऊन टाकला की तीही ‘बदली’. मी एकवीस वर्षं या दोन्हींचा उपभोग घेतो आहे. कॅशियर रजेवर गेला की कॅशला मी. क्लिअरिंगच्या बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या की क्लिअरिंगला मी. सोनेतारण बघणारे गृहस्थ पंढरपूरला गेले की दागिन्यांच्या पिशव्यांवर लाखेचे शिक्के मारायला मी. तेव्हा ‘बदली खेळाडू’ या प्राण्याविषयी बोलायचा अधिकार आमच्या घरात कुणाला असेल तर तो मला आहे. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण घरात तो मान्य नाही.

वाद झाला तो २०२५ च्या जूनअखेरीस, पोहे खाताना. आणि झाला तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी नावाच्या, आमच्यापैकी कुणीही न पाहिलेल्या शहरातल्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थावरून.

आमच्या चिरंजीवांना बास्केटबॉलचं वेड आहे. ते लागलं ऑक्टोबर २०१९ मध्ये, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे दोन अमेरिकन संघ वरळीच्या डोममध्ये येऊन दोन सामने खेळून गेले तेव्हा. आम्ही काही तिथं गेलो नाही. तिकिटांचे दर ऐकून मी तिकिटांऐवजी एक चेंडू आणला. आता वाटतं, तिकिटं स्वस्त पडली असती. कारण तेव्हापासून अमेरिकेतली रात्र ही आमच्या घरातली सकाळ झाली आहे. तिकडे संध्याकाळी साडेआठला सामना सुरू होतो तेव्हा इकडे सकाळचे सहा वाजलेले असतात, आणि आमची ही दूध तापवत असताना बाहेरून ‘डिफेन्स! डिफेन्स!’ असा गजर ऐकू येतो. पूर्वी याच वेळी आमच्याकडे भक्तिगीतं लागायची. आवाज साधारण तेवढाच असतो.

तर २३ जूनला, सोमवारी सकाळी, ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाने याच इंडियाना पेसर्सना सातव्या सामन्यात १०३-९१ असं हरवून विजेतेपद मिळवलं. चिरंजीव सोफ्यावरून उडी मारून खाली आले. खालच्या मजल्यावरचे वर आले. आणि या आनंदाला आठ दिवस झाले नाहीत तोच पोह्यांवर लिंबू पिळत चिरंजीव म्हणाले, “आता करूसोला ट्रेड करून टाकायला पाहिजे.”

मी म्हटलं, “का रे बाबा? काय केलं त्याने?”

“काही नाही केलं. म्हणूनच तर. आत्ता भाव आहे. भाव असतानाच काढून टाकायचा.”

हे अलेक्स करूसो म्हणजे कोण, ते सांगायला हवं. हा थंडरचा बाकावरचा खेळाडू. सामना सुरू होतो तेव्हा पाच जण मैदानात असतात, हा नसतो. हा टॉवेल गळ्यात टाकून बसलेला असतो. मग कुणी तरी दमतं, कुणाचे फाऊल भरत येतात, समोरचा एखादा राक्षस आवरेनासा होतो, आणि प्रशिक्षक मान वळवतो. हा उठतो. वय त्या वेळी एकतीस, डोक्यावर केस साधारण माझ्याइतके, कपाळावर पट्टी. आमच्या क्लिअरिंगच्या टेबलावर आणून बसवला असता तर ग्राहकांनी त्याला चेक वटायला किती दिवस लागतील, असंच विचारलं असतं.

चिरंजीवांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, हे कबूल करतो. तिकडे खेळाडू नुसता विकत नाहीत; त्याची दुसऱ्या संघातल्या खेळाडूशी अदलाबदल करतात. दोन्ही बाजूंचे पगार जवळपास जुळावे लागतात, आणि जुळत नसले तर बेरीज भरून काढायला एखादा तिसरा, चौथा गडी मध्ये टाकतात. संध्याकाळी कॅश जुळेना की आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकतो, त्यातलाच प्रकार. फक्त आमच्या सस्पेन्स खात्याला बायकामुलं नसतात. शिवाय संघाच्या एकूण पगारावर मर्यादा, ती ओलांडली की लक्झरी टॅक्स, आणि त्याच्याही पुढे पहिला एप्रन आणि दुसरा एप्रन. एप्रन हा शब्द ऐकून आमची ही स्वयंपाकघरातून डोकावून गेली. हा दुसरा एप्रन २०२५-२६ च्या हंगामासाठी सुमारे २० कोटी ७८ लाख डॉलरला बांधलेला होता. तो ओलांडणाऱ्या संघाचे हातपाय नियमांनी असे जखडतात की दोन लहान पगारांची मोट बांधून एक मोठा खेळाडू आणायचीही सोय राहत नाही. आणि थंडरच्या तिघा तरुण पोरांचे मोठे करार तोंडावर आले होते. जुलैत ते झालेही. त्यांतल्या एकट्या शे गिल्जस-अलेक्झांडरचा चार वर्षांचा, साडेअठ्ठावीस कोटी डॉलरचा. उलट या करूसोशी संघाने डिसेंबर २०२४ मध्ये चार वर्षांसाठी ८ कोटी १० लाखांचा करार करून ठेवलेला. नियमित हंगामातल्या ८२ सामन्यांपैकी हा खेळला ५४. सरासरी गुण सात.

“सात गुणांना दोन कोटी डॉलर!” चिरंजीव म्हणाले. “बाबा, तुम्ही बी.कॉम. ना?”

हा वार वर्मी बसला. बी.कॉम. आहे म्हणूनच सांगतो. हिशेबाच्या ज्या पुस्तकात माणसाचा पगार खर्चाच्या बाजूला लिहितात आणि तो नसल्यामुळे होणारं नुकसान कुठेच लिहीत नाहीत, ते पुस्तक तपासायला मी वाणिज्य शाखेची पाच वर्षं घालवली आहेत. यंत्राचा घसारा लिहितात. इमारतीचा लिहितात. गुडविल नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूलाही ताळेबंदात जागा मिळते. पण समोरचा माणूस चेंडू घेऊन कुठल्या बाजूला वळणार हे त्याच्याआधी अर्धा सेकंद ओळखणारा गडी कुठल्या सदराखाली टाकायचा, हे आम्हांला कुणी शिकवलं नाही. मग त्याचे सात गुण तेवढे मोजतात आणि भागाकार करून मोकळे होतात.

त्याच वर्षीची गोष्ट घ्या. मे महिन्यात डेन्व्हरविरुद्ध सातवा सामना होता. आपल्याकडे मध्यरात्री एकला सुरू झाला. मी झोपलो होतो. चिरंजीव अभ्यास करत होते, असं मला सांगण्यात आलं. डेन्व्हरचा निकोला योकिच म्हणजे तीन वेळा सर्वोत्तम ठरलेला सहा फूट अकरा इंचांचा पहाड. त्याला आवरायला थंडरच्या प्रशिक्षकाने कुणाला धाडलं असेल? आपल्या सहा फूट पाच इंचांच्या करूसोला. सहा इंच कमी! म्हणजे आमच्या वॉचमनने क्रेन अडवायची. याने ती अडवली. पुढे सरकून, मागे ढकलून, मधे हात घालून त्या पहाडापर्यंत चेंडूच नीट पोचू दिला नाही. थंडर १२५-९३ ने जिंकले. करूसोच्या नावावर गुण किती? अकरा. त्या अकरा आकड्यांत हा सगळा उद्योग कुठे दिसतो, मला दाखवा.

आणि गुणच हवेत तर घ्या गुण. अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात वीस, चौथ्यात वीस. दोन्ही सामने थंडरने जिंकले. तिसऱ्यात उलट पेसर्सच्या बाकावरची मंडळी खेळली, ४९ गुण करून गेली. थंडरच्या बाकाचे त्या दिवशी अठरा. सामना कुणी जिंकला ते सांगायला नको.

“पण बाबा, हा एक माणूस झाला. नियम नाही झाला.”

बरं, नियम. मग याच थंडरचा २०१२ सालचा दप्तरखाना काढू. त्या वर्षी त्यांच्याकडे केव्हिन ड्युरांट, रसेल वेस्टब्रुक आणि बाकावर जेम्स हार्डन होता. बाकावर! सामन्यामागे जवळजवळ सतरा गुण, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम सहाव्या गड्याचा किताब. संघ अंतिम फेरीत गेला आणि मायामीकडून हरला. पोरं तेविशीच्या आसपासची. कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, बसा रे निवांत, पुढच्या वर्षी या. पण हार्डनचा करार वाढवायचा होता, आणि दोन्ही पक्षांच्या आकड्यांत, तेव्हा छापून आलं त्याप्रमाणे, चार वर्षांत मिळून साधारण अर्ध्या कोटी डॉलरचा फरक राहिला. ऑक्टोबरच्या अखेरीस, हंगामाच्या तोंडावर, त्याला ह्यूस्टनला पाठवला. बदल्यात केव्हिन मार्टिन, एक नवखा पोरगा आणि पुढच्या निवडींचे हक्क. मार्टिन वर्षभर राहिला आणि निघून गेला. हार्डनने ह्यूस्टनच्या पहिल्याच सामन्यात ३७ गुण केले. पुढे ड्युरांट, वेस्टब्रुक आणि हार्डन हे तिघेही आपापल्या वर्षी लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले: २०१४, २०१७, २०१८. एका बाकावर आणि एका मैदानात मावत असलेला हा ऐवज अर्ध्या कोटीसाठी फुटला, आणि ओक्लाहोमा सिटीला पुन्हा अंतिम फेरी दिसायला २०२५ उजाडावं लागलं. हक्कांपैकी एकातून त्यांना स्टीव्हन ॲडम्स नावाचा उत्तम खेळाडू मिळाला, हे मी लपवत नाही. पण घरातली गाय देऊन जू आणलं, आणि जू सागवानी निघालं म्हणून पेढे वाटायचे का?

इथे माझा आवाज जरा चढला असावा, कारण आमची ही बाहेर आली आणि म्हणाली, “एवढं काय? कुठल्या परमुलखातला तो हार्डन!”

तिला काय सांगणार? २०१२ साली आमच्या शाखेतही एक ट्रेड झाला होता. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली नाही.

वरून हुकूम आला होता की तुमच्या शाखेत एक माणूस जास्त आहे, तो अमक्या शाखेला द्या. मॅनेजर त्या वेळचे भले होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, कारण शाखेत युनियनचा प्रतिनिधी मी होतो. म्हणाले, “कुणाला देऊ या?” आमच्याकडे एक काका होते. सगळी शाखा त्यांना काकाच म्हणायची. चोपन्नचं वय, प्रमोशन कधी घेतलेलं नाही, टेबल असं एक ठरलेलं नाही. ज्याची रजा त्याचं टेबल काकांचं. मी आज जी कामं करतो ती तेव्हा काका करत. आणि मी म्हणालो, “काकांना द्या. ते कुठंही जुळवून घेतील.”

त्या वाक्यात काही खोटं नव्हतं. काका खरंच कुठंही जुळवून घेत. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर रडारड झाली असती, डॉक्टरांचे दाखले आले असते, एका बाईंचे यजमान तर थेट विभागीय कार्यालयात ओळख लावून आले असते. काकांचं नाव घेतलं की कुणी ओरडणार नव्हतं, काकासुद्धा. आणि तिसरं कारण केबिनमध्ये कुणी बोललं नाही, पण आम्हां दोघांना माहीत होतं: यादीत माझंही नाव बसत होतं.

काका सहा वर्षं पहाटेची एस.टी. पकडून साठ किलोमीटर जात राहिले. निवृत्तही तिकडूनच झाले.

शाखा बुडाली का? छे! बँका अशा बुडत नाहीत. पण पहिल्याच सोमवारी स्ट्राँगरूमचं दार उघडेना. किल्ल्या दोन्ही हजर, माणसं हजर, दार ढिम्म. अर्ध्या तासाने कुणी तरी काकांना फोन लावला. काका म्हणाले, “किल्ली फिरवताना खालच्या कोपऱ्याला गुडघा लावा.” दार उघडलं. मेंदू गुडघ्यात असणं ही मी तोपर्यंत शिवी समजत होतो. पहिल्या तारखेला एक पेन्शनर आजोबा काउंटरवर भांडून गेले. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि त्यांच्याशी उजवीकडून बोलायचं असतं, हे कुठल्या सर्क्युलरमध्ये होतं? एक आजी होत्या, त्यांची सही थंडीत वेगळी यायची. काका समोर बसवून, चहा पाजून, हात गरम झाल्यावर सही घ्यायचे. नव्या माणसाने नियमाप्रमाणे पैसे परत पाठवले. नियम त्याच्या बाजूने होता. भाजीमार्केटातला एक व्यापारी रोज चिल्लरीच्या पिशव्या घेऊन यायचा. त्याने महिन्याभरात खातं समोरच्या बँकेत नेलं. वर्षअखेरीला ठेवींचा आकडा थोडा खाली आला, त्याचं कारण आम्ही ‘वाढती स्पर्धा’ असं लिहून पाठवलं. ते मीच लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं.

म्हणून कुणी म्हणालं, भाव आहे तोवर काढून टाका, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. भाव येतो तो कशामुळे? हा माणूस कुठंही चालेल, यामुळे. म्हणजे ज्या गुणासाठी त्याला ठेवायचा, तोच गुण दाखवून त्याला बाहेर काढायचं. जो पाचात घेतला नाही की तोंड फुगवतो, त्याला कुणी हात लावत नाही. त्याला मागतो कोण?

याच करूसोचं उदाहरण पाहा. २०१६ मध्ये त्याला लीगमधल्या एकाही संघाने निवडलं नाही. तेव्हा तो थंडरच्याच धाकट्या संघात, ओक्लाहोमा सिटी ब्लूमध्ये खेळत होता. त्यांच्याच ओसरीवर बसला होता म्हणा ना! त्यांनी जाऊ दिला. लॉस एंजेलिस लेकर्सनी उचलला, २०२० चं विजेतेपद घेतलं, आणि २०२१ मध्ये शिकागोने चार वर्षांचे ३ कोटी ७० लाख देऊ केले तेव्हा लेकर्सनी हात आखडता घेतला. पुढच्या हंगामात लेकर्स बादफेरीतही गेले नाहीत. याची इतरही बरीच कारणं होती. मी बँकेतला माणूस आहे, सगळी रक्कम एकाच खात्यावर टाकणार नाही. शिकागोत त्याने २०२३ मध्ये लीगच्या पहिल्या बचाव संघात जागा मिळवली. जून २०२४ मध्ये शिकागोने त्याला थंडरला देऊन जॉश गिडी घेतला. आदल्या हंगामात शिकागोचे ३९ विजय, ४३ पराभव. नंतरच्या हंगामात ३९ विजय, ४३ पराभव. थंडर ६८ जिंकून, वर विजेतेपद घेऊन बसले.

चिरंजीवांनी इथे मला बरोबर पकडलं. “म्हणजे ट्रेडमुळेच आला ना तो? मग ट्रेड वाईट कसा?”

मी बदल्यांच्या विरुद्ध नाही हो. गिडीचंच घ्या. तो थंडरच्या पाचातला. २०२४ च्या बादफेरीत त्याला बाकावर बसवायची वेळ आली. एकवीस वर्षांच्या पोराला बाक म्हणजे शिक्षाच. शिकागोत त्याला मैदान मिळालं, त्याचंही भलं झालं. ज्याला बाक खुपतो त्याला जाऊ द्यावं, त्याला जागा मिळेल तिथे पाठवावं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण आहे ते ज्याला बाक खुपत नाही त्यालाच आधी उचलण्याशी. आणि खेळ जाणणारी माणसं हे फार पूर्वीपासून ओळखून आहेत. बोस्टनच्या रेड आउरबाखने सहावा गडी ही एक मानाची जागाच करून ठेवली. जॉन हॅवलिचेक त्या बाकावरून उठून १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षं एकट्या बोस्टनसाठी खेळला, आठ विजेतेपदं घेतली. सॅन अँटोनियोने मानू जिनोबिलीला १९९९ मध्ये सत्तावन्नावा, म्हणजे शेवटून दुसरा निवडला. तो २००२ पासून २०१८ पर्यंत तिथेच राहिला, त्यातला बराच काळ बाकावरून, आणि चार विजेतेपदं. या लोकांचा भाव कधीच नव्हता का? होता की. विचारायला येणाऱ्याला चहा देऊन परत पाठवत असतील.

“पण एप्रन?” चिरंजीव म्हणाले.

एप्रन खरा आहे. पैसे झाडाला लागत नाहीत हे मला कुणी सांगू नये. मी रोज दुसऱ्यांचे मोजतो. तिघांचे करार भरायचे तर कुणाला तरी सोडावं लागेल. मग सोडताना पाहा की तो माणूस दोन मिनिटांत काय बदलतो, त्याच्यासारखा दुसरा कुठे मिळतो, आणि तो गेल्यावर दाराला गुडघा कोण लावणार. नावांची यादी पगाराच्या उतरत्या क्रमाने लावून वरून खाली बोट फिरवू नका. आणि ‘तो कुठंही जुळवून घेईल’ हे कारण म्हणून कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याचं नाव आधी यादीत घाला.

हे ऐकून चिरंजीव गप्प झाले. म्हणजे पटलं असं नव्हे. पोहे संपले होते.

२०२५ च्या नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांच्या गर्दीत, मी पेन्शनच्या काउंटरवर बदली म्हणून बसलो होतो. रांग दाराबाहेर गेलेली. मान वर केली तर रांगेत आठव्या-नवव्या नंबरला काका. घर इथलंच, म्हणून दाखला आमच्या शाखेत. केस सगळे पांढरे झालेले, हातात तीच कापडी पिशवी. त्यांच्या पुढच्या आजींना फॉर्म कळत नव्हता. काका पिशवीतून चष्मा काढून तो भरून देत होते. मागच्याने विचारलं, त्यालाही दिला. मी उठून बाहेर गेलो. म्हटलं, “काका, आत या. इथं काय उभे राहता? दोन मिनिटांत करून देतो.”

“नको रे,” काका म्हणाले. “तू बस जाग्यावर. रांग थांबलीय बघ. माझा नंबर येऊ दे.”